मांजराच्या कानातली गाठ: दवाखाना ढोरांचा, दुखणं घरचं

२०१९च्या विसाव्या पशुगणनेत यवतमाळ जिल्ह्यातल्या गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, घोडे, गाढवं मोजली गेली. कुत्रे मोजले गेले, ससेसुद्धा मोजले गेले. मांजर राहिलं, कारण पशुगणनेच्या यादीत त्याला रकानाच नाही. याच जिल्ह्यात टिपेश्वरच्या अभयारण्यातले वाघ कॅमेऱ्यात टिपून, अंगावरचे पट्टे ओळखून एकेक करून मोजतात. त्याच कुळातलं घरातलं जनावर मात्र सरकारी कागदावर नाही. हे रुसून सांगत नाही. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी औषधसाठा, यंत्रं आणि सरावलेले हात यांची तरतूद बेताचीच राहते. मांजराच्या कानात वर्षानुवर्षं वाढत राहणाऱ्या गाठींचा प्रश्न आपल्याकडे अवघड होतो तो इथे.

सुरुवात बहुतेक घरांत एकसारखी होते. मांजर डोकं झटकायला लागतं, मागच्या पायाने कान खाजवून रक्त काढतं, कानातून घाण वास येतो. कान फुटला, असं ठरतं. कुणीतरी थेंब आणून देतं, आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. असे दोन-चार फेरे झाल्यावर एक दिवस कान उजेडात धरून पाहिला की आत काहीतरी वाढलेलं दिसतं. इथून पुढे घरोघरी चुका सुरू होतात, कारण कानात वाढणारं सगळं एकच समजून त्यावर एकच औषध चालवलं जातं. खरं तर ते किमान चार वेगळे आजार आहेत. एकाला औषध जवळपास लागतच नाही, एकाला ओढून काढावं लागतं, एकाला लवकर कापावं लागतं आणि एकात उशीर झाला तर जीव जातो. गाठ कोणती हे कळल्याशिवाय कानात काहीही ओतू नये, हे या लेखाचं म्हणणं आहे. ते अर्धंअधिक घरीच कळू शकतं: मांजराचं वय, गाठीचा रंग आणि गाठीची जागा या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर.

आधी कानाची रचना. मांजराच्या कानाची नळी बाहेरून खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. वळणाच्या पलीकडे पडदा आणि पडद्यामागे हाडाची पोकळ कुपी. मांजरात या कुपीच्या मधोमध हाडाचा पातळ पडदा असतो, म्हणजे दोन खोल्या. डोळ्याच्या बाहुलीला आणि पापणीला जाणारे काही मज्जातंतू याच खोल्यांतून जातात. म्हणून मधल्या कानात काही वाढलं, किंवा तिथे शस्त्रक्रिया झाली, की मांजराची एका बाजूची पापणी लोंबते, बाहुली बारीक होते, तिसरी पापणी वर येते. पाहणाऱ्याला वाटतं डोळ्याला मार लागला. उपचार डोळ्यावर सुरू होतात आणि दुखणं कानात राहतं. घरात बॅटरीच्या उजेडात आपल्याला दिसते ती फक्त वरची उभी नळी. ती स्वच्छ दिसली म्हणजे कान स्वच्छ आहे असं नव्हे.

आता चारांपैकी पहिला, दिसायला सगळ्यांत भयंकर आणि स्वभावाने सगळ्यांत गरीब. कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला आणि नळीच्या तोंडाशी निळसर, काळपट, जांभळट फोड येतात. एकदोन असतात तेव्हा लक्ष जात नाही. वाढले की काळ्या द्राक्षांचा घड कानात बसवल्यासारखं दिसतं. मध्यम वयाच्या आणि म्हाताऱ्या मांजरांत हे होतं, पुष्कळदा दोन्ही कानांत. पर्शियन मांजरांत ते अधिक आढळतं असं निरीक्षण आहे, पण साध्या गावठी मांजरांनाही सुटका नाही. कानात मेण तयार करणाऱ्या ग्रंथी फुगून त्यांच्या पिशव्या होतात, आत गडद रंगाचं पाणी साचतं. पशुवैद्यक याला सेरुमिनस सिस्टोमॅटोसिस म्हणतात. हा कर्करोग नाही. हे का होतं याचं पक्कं उत्तर शास्त्राकडे नाही. जुनी सूज, वय, जन्मजात कल असे तर्क आहेत.

कर्करोग नाही म्हणून दुर्लक्ष करावं असंही नाही. फोड वाढत जाऊन नळी बुजवतात. बुजलेल्या नळीत मळ अडकतो, हवा पोचत नाही, आणि मग जिवाणू आणि बुरशीची चंगळ होते. मांजराला त्रास होतो तो या संसर्गाचा, फोडांचा नव्हे. म्हणून इथे दीर्घकाळ सांभाळायची गोष्ट म्हणजे नळीची वाट मोकळी ठेवणं. फोड थोडे आणि नळीबाहेर असतील तर नुसतं लक्ष ठेवून वर्षानुवर्षं काढता येतात. नळी बुजत असेल तर भूल देऊन ते जाळतात किंवा कापतात. कार्बन डायऑक्साइडच्या लेझरने जाळल्यास रक्त कमी जातं आणि निकाल चांगला येतो असा अनुभव नोंदलेला आहे, पण तो थोड्या मांजरांवरचा. काहींना पुन्हा फोड येतात. घरी सुईने फोडण्याचा मोह मात्र आवरावा. पाणी निघतं, पिशवीचं अस्तर जागेवर राहतं, ती पुन्हा भरते, आणि सुईच्या भोकातून संसर्ग आत जातो.

दुसरा आजार तरुणांचा. वर्ष-दोन वर्षांचं, कधी काही महिन्यांचं पिल्लू, त्याचा एकच कान सतत वाहतोय, श्वास घेताना घुरघुरतंय, डोकं एका बाजूला कलतंय, चालताना तोल जातोय, तर मनात पॉलिपचा संशय आधी आणावा. हा गुलाबी, गुळगुळीत, देठावर लोंबणारा मांसाचा गोळा. त्याचं मूळ नळीत नसून मधल्या कानाच्या किंवा कानातून घशाकडे जाणाऱ्या नलिकेच्या अस्तरात असतं. तिथून तो कानाकडे वाढतो किंवा टाळूमागे घशात उतरतो. घशात उतरला की मांजर घोरतं आणि शिंकतं, आणि घरचे सर्दीची औषधं देत बसतात. पॉलिप भूल देऊन चिमट्याने धरून देठासकट ओढून काढतात. काम तसं झटपट आहे. मात्र कानातला पॉलिप नुसता ओढून काढला तर तो पुन्हा येण्याचं प्रमाण बरंच, कित्येक नोंदींत तिसऱ्या हिश्श्याच्या वर. नंतर काही आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिल्याने ते घटतं असं दिसून आलं आहे. मुळापासून उपाय म्हणजे गळ्याच्या बाजूने कानाची हाडाची कुपी उघडून अस्तर खरवडणं. त्यानंतर त्या बाजूच्या डोळ्याची पापणी काही आठवडे लोंबते. बहुतेक मांजरांत ती पुन्हा जागेवर येते.

पॉलिप हा खराखुरा बरा होणारा आजार आहे, आणि या चारांत तोच आपल्याकडे सगळ्यांत जास्त वाया जातो असं मला वाटतं. कारण साधं आहे: पिल्लाच्या कानासाठी भूल देऊन चिमटा लावायचा, एवढा खटाटोप करायला घरात कुणी तयार नसतं. दुसरं पिल्लू सहज मिळतं.

तिसरा, मेणाच्या ग्रंथींचा खरा अर्बुद. दहा वर्षांच्या पुढचं मांजर, सहसा एकच कान, गाठ खडबडीत, फुलकोबीसारखी फुटलेली, हात लावला की रक्त येणारी, वास असह्य. कुत्र्यांच्या तुलनेत मांजरांच्या कानातले असे अर्बुद घातक निघण्याचं प्रमाण जास्त आहे. निम्म्याहून अधिक वेळा ते कर्करोगच असतात. इथे वरवरची गाठ छाटून उपयोग होत नाही. कानाची सगळी नळी आणि हाडाच्या कुपीचं अस्तर काढावं लागतं. संपूर्ण नळी काढलेल्या मांजरांचं पुढचं आयुष्य साधारणपणे वर्षांत मोजलं गेलं आहे आणि अर्धवट छाटलेल्यांचं महिन्यांत. शस्त्रक्रिया अवघड आहे. चेहऱ्याचा मज्जातंतू तिथूनच जातो आणि मांजरात त्याला इजा होण्याचा धोका कुत्र्यापेक्षा मोठा. पापणी मिटेनाशी झाली तर डोळ्यात थेंब घालत राहावे लागतात.

चौथ्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तो आपल्या उन्हाचा आहे. पांढऱ्या कानांच्या मांजरांत, किंवा काळ्या-पांढऱ्यातल्या ज्याचे कान पांढरे पडले आहेत त्याच्यात, पाळीच्या टोकाला आधी नुसती लाली येते. मग पापुद्रे सुटतात, खपली धरते. खपली पडते, पुन्हा धरते. भांडणात कान फाटला असेल, खरूज असेल, असं म्हणत महिने जातात. पुढे टोक झिजल्यासारखं खाल्लं जातं. हा स्क्वेमस पेशींचा कर्करोग, सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी होणारा. कॅलिफोर्नियातल्या १९७१च्या एका पाहणीत पांढऱ्या मांजरांना हा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तेरा पट आढळला होता. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा मांजर आपणहून कूलरजवळ किंवा माठाखाली पडून असतं. खरी अडचण हिवाळ्याची आहे. डिसेंबरात कवेलूवर, पऱ्हाटीच्या गंजीवर तासन्‌तास ऊन खात बसलेलं पांढरं मांजर दिसतं तेव्हा ऊन कोवळं वाटतं, पण किरण कानाच्या पातळ पाळीत शिरतातच. सकाळी दहा ते चार त्याला घरात ठेवणं हा एकच खात्रीचा उपाय. आपली ऊनरोधक मलमं लावू नयेत. त्यांतला झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट मांजर चाटून पोटात घेतं आणि दोन्ही त्याला बाधतात.

या आजाराची चांगली बाजू अशी की तो डोळ्यांसमोर असतो. लवकर ओळखला तर पाळीचा वरचा भाग कापून टाकतात आणि मांजर पुढे नीट जगतं. कान आखूड झालेलं मांजर दिसायला विचित्र वाटतं, त्याला ऐकायला अडचण येत नाही. कापण्याइतका अनुभव असलेला डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणीही सापडू शकतो. नळीच्या शस्त्रक्रियेपेक्षा हे काम पुष्कळ सोपं आहे.

गाठ नसलेल्या दोन गोष्टी गाठ म्हणून दवाखान्यात येतात. खाजवून खाजवून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी मऊ, गरम, रक्ताने टम्म फुगते. तो रक्ताचा साठा आहे, वाढ नव्हे. आणि काळपट, कोरडा, भुकटीदार मळ दोन्ही कानांत भरून राहतो तो कानातल्या माइट नावाच्या बारीक किड्याचा. एका मांजराला झाला की घरातल्या सगळ्या मांजरांना होतो, आणि किड्याचं जीवनचक्र तीनेक आठवड्यांचं असल्याने एकदा औषध घालून थांबलं तर परत येतो. माइट बरा न करता सोडला तर कान वर्षानुवर्षं सुजलेला राहतो, आणि सुजलेल्या कानात पुढचे उपद्रव घर करतात.

घरगुती उपचारांबद्दल बोलताना आपल्या जिल्ह्यात एका गोष्टीला वळसा घालता येत नाही. २०१७च्या खरिपात यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. त्या वेळी चर्चेत आलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रणही होतं. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन ही एकाच घराण्यातली औषधं. कापसावर फवारायला, बैलांच्या गोचिडांवर पुसायला, कुत्र्याच्या मानेवर टाकायला ती घरात असतातच. बैलाला चाललं, कुत्र्याला चाललं, म्हणून मांजराच्या कानात दोन थेंब पडतात. मांजराच्या यकृतात या द्रव्यांचा निचरा करणारी एक महत्त्वाची रासायनिक वाट फारच अरुंद आहे. काही तासांत ते थरथरायला लागतं, लाळ गळते, झटके येतात.

तीच अरुंद वाट इतर औषधांनाही नडते. पॅरासिटॅमॉलची पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराला मारू शकते. हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो. फिनेल, कापूर, टी ट्री तेल, टर्पेंटाइन हेही त्याच रांगेत. टर्पेंटाइनचं विशेष सांगायला हवं, कारण ढोरांच्या जखमेत किडे पडले की तेच ओतायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पावसाळ्यात वाहत्या कानावर माशी बसते, अंडी घालते, आणि दोन दिवसांत कानात किडे वळवळताना दिसतात. बैलाच्या खांद्याची पद्धत मांजराच्या कानाला लावली तर किडे मरतील, मांजरही जाईल. किडे चिमट्याने वेचून काढावे लागतात, बहुधा भुलीखाली, आणि वाहत्या कानाचं मांजर पावसाळ्याचे महिने घरात ठेवणं हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. लसूण घालून गरम केलेलं तेल निदान विषारी नसेल असं वाटतं, पण लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतो आणि तेल बुजलेल्या नळीत मळाचा लगदा करून ठेवतं.

डॉक्टरांच्या औषधांतही एक मेख आहे. पडदा फाटला असेल तर जेंटामायसिनसारखे थेंब आणि क्लोरहेक्सिडिन आतल्या कानात उतरून बहिरेपणा आणू शकतात. म्हणून आधीच्या चिठ्ठीवरची बाटली दुसऱ्या वेळी आपल्या मनाने उघडू नये, आणि पडदा न पाहता कुणी लिहून दिली तर पडदा पाहिला का, हे विचारायला लाजू नये.

मग रोजचं जगणं कसं असतं? फोडांचं किंवा म्हाताऱ्या मांजराचं, शस्त्रक्रिया न करता सांभाळायचं ठरलेलं दुखणं हे बरंचसं स्वच्छतेचं काम आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं द्रावण अंगाच्या उष्णतेइतकं कोमट करून घालायचं. थंड द्रावण कानात गेलं तर मांजराला चक्कर येते आणि पुढच्या वेळी ते हाती लागत नाही. मांजराला जुन्या टॉवेलात किंवा लुगड्याच्या तुकड्यात मान तेवढी बाहेर ठेवून गुंडाळायचं, कानाच्या मुळाशी बोटांनी हलकं चोळायचं, त्याला डोकं झटकू द्यायचं आणि वर आलेला मळ कापसाने पुसायचा. कापूसकाडी नळीत घालायची नाही. ती मळ वळणापलीकडे ढकलते. मागच्या पायांची नखं दर पंधरवड्याला बोथट केली की खाजवण्यातून होणारं निम्मं नुकसान थांबतं. हे काम घरातल्या एकाच माणसाने केलं तर मांजर त्याचा राग धरतं. दोघांनी आळीपाळीने केलेलं बरं, आणि लगेच नंतर सुकटीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक.

एका कानाने ऐकू येईनासं झालेलं मांजर आवाज कुठून आला हे ओळखू शकत नाही. दुचाकीचा आवाज त्याला येतो, दिशा कळत नाही. डोकं कललेलं मांजर उडी चुकवतं, मग त्याच्यासाठी ताटाळ्याच्या वाटेवर मध्ये एखादी पायरी ठेवावी लागते. जबडा उघडताना कान दुखत असेल तर ते कडक खाणं सोडतं. दोन-तीन दिवस सलग न जेवलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून वेगळाच जीवघेणा आजार उभा राहतो. म्हणून वाडग्यातलं उरलेलं अन्न हे कानाच्या वासापेक्षा महत्त्वाचं लक्षण धरावं.

आता जायचं कुठे. गावात किंवा तालुक्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. लोक त्याला ढोरांचा दवाखाना म्हणतात, आणि त्याचा दिवस खरोखर ढोरांतच जातो: रेतन, लसीकरण, गाभण तपासणी, आडलेली गाय. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर येणारं फिरतं पथकही मुळात शेतकऱ्याच्या दारी जाण्यासाठी आहे. तिथल्या डॉक्टरला मांजर येत नाही असं नाही. पदवी तीच असते, पण मांजराच्या कानात शिरेल इतक्या बारीक नळकांड्याचा ऑटोस्कोप टेबलावर असेलच असं नाही. यवतमाळला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. त्यापुढचं मोठं ठिकाण म्हणजे १९५८ साली सुरू झालेलं नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, आता महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली, यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटर. अकोल्याला याच विद्यापीठाची पदव्युत्तर संस्था आहे, आणि उमरखेडच्या बाजूच्या लोकांना नागपूरपेक्षा परभणीचं महाविद्यालय जवळ पडतं. सीटी स्कॅनसह सगळं एका छताखाली पाहिजे असेल तर मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय आहे.

मेमध्ये दीडशे किलोमीटर पिंजऱ्यात घालून म्हातारं मांजर नेणं हाच उपचारापेक्षा मोठा ताण असतो. जायचंच तर पहाटे निघावं, आधी फोन करून कान पाहणारा माणूस त्या दिवशी आहे का ते विचारावं. आणि न जाण्याचा निर्णयही निर्णयच असतो, त्याला हयगय म्हणू नये. चौदा वर्षांच्या मांजराच्या कानातला अर्बुद न कापता, वेदनाशामक देऊन, कान पुसून चार-सहा महिने बरे काढणारी घरं असतात. ते मांजर स्वतःचं अंग चाटायचं सोडतं, कोपऱ्यात तोंड करून बसतं, जेवणाकडे फिरकत नाही, तेव्हा डॉक्टरांना वेदनारहित मरणाबद्दल विचारावं. हे बोलायला आपल्याकडे लोक कचरतात आणि मांजराला रानात सोडून येतात. ते सर्वांत वाईट.

मांजर न नेताही एक गोष्ट नागपूरला नेता येते, ती म्हणजे गाठीचा तुकडा. स्थानिक डॉक्टरांनी भुलीखाली गाठीचा छोटा भाग काढला तर तो दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात, घट्ट झाकणाच्या रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवतात आणि महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे किंवा खाजगी प्रयोगशाळेकडे पाठवतात. बाटलीला प्रवासाचा ताण नसतो. सोबतच्या कागदावर मांजराचं वय, कोणता कान, पाळी की नळी, रंग, किती महिन्यांपासून, आणि आजवर कोणकोणते थेंब घातले ते सगळं लिहायचं. स्टिरॉइड असलेले थेंब चालू होते की नाही हे तर नक्की लिहायचं, कारण त्याने सूज दबते आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र बदलतं.